उशिरा आलेला अर्ज

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार, सेवकवर्ग व ग्रामस्थ यांच्यासमोर रुग्णालय प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासकाने बोलावयास उभे राहावे, बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, प्रसूती किती, हे वाचून दाखवावे आणि सभेने जेवणाच्या वेळेकडे लक्ष ठेवून ते ऐकून घ्यावे, असा आपला शिरस्ता आहे. यंदा ते आकडे अहवालात छापलेलेच आहेत. ज्यांना रस असेल त्यांनी घरी वाचावेत. आज आम्ही एका अर्जाविषयी बोलणार आहोत. तो अर्ज आमच्या टेबलाच्या खणात तीन आठवडे पडून होता, हे आधीच कबूल करतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या अपघात विभागातील एका परिचारिका भगिनींनी तो दिला. वय ३५, सेवा १२ वर्षे. पती एस.टी.त चालक, मुलगा चौथीत. अर्ज चार ओळींचा होता. पुढील वर्षीच्या ‘नीट’ परीक्षेस बसण्याची इच्छा आहे. अभ्यासासाठी सहा महिने ठरावीक पाळी मिळावी आणि प्रवेश मिळाल्यास राजीनामा न घेता काय करता येईल याचा विचार व्हावा, इतकेच. आम्ही तो वाचला, हसलो नाही, पण बाजूला ठेवला. पस्तिसाव्या वर्षी एम.बी.बी.एस.! मनात आले, चार दिवसांची लहर असेल, उतरेल. आवक नोंदवहीत क्रमांक पडला होता, म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने काम झाले होते.

तीन आठवड्यांनी त्या भगिनी स्वतः आल्या. म्हणाल्या, “साहेब, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण तसं लिहून द्या. म्हणजे मी माझ्या मार्गाने बघेन.” त्या दिवशी आम्ही खुर्ची पुढे सरकवून प्रथमच विचारले की, हे मनात आले तरी कोठून?

त्यांनी सांगितलेली रात्र आमच्याही स्मरणात होती. आदल्या पावसाळ्यात भातलावणीहून परतलेल्या एका कुटुंबाने सात वर्षांच्या मुलाला आणले होते. घरात, अंथरुणाच्या घडीत, विंचू चावला होता. मुलाला दरदरून घाम सुटलेला, उलट्या होत होत्या, हातपाय गार पडले होते. आमचे डॉक्टर महाडहून निघाले होते, पण दरड आल्याने वाटेत अडकले. या भगिनींनी लक्षणे ओळखली, दूरध्वनीवरून ती डॉक्टरांना नीट सांगितली, डॉक्टरांनी औषध व मात्रा सांगितली, ती त्यांनी दिली आणि रात्रभर मुलाची नाडी धरून बसल्या. मूल वाचले. “पण साहेब,” त्या म्हणाल्या, “फोन लागायला वीस मिनिटं गेली. काय द्यायचं ते मला ठाऊक होतं, आणि देता येत नव्हतं. मला त्या फोनच्या पलीकडच्या बाजूला जायचंय.”

या मुलखात विंचवाचे नाव निघाले की डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव आपोआप येते. १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे फुप्फुसात पाणी होऊन डोळ्यांदेखत जात. घाम, उलटी, गार हातपाय ही धोक्याची पूर्वसूचना आहे, हे त्यांनी रुग्णांजवळ रात्री बसून टिपले. ते निरीक्षण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि प्राझोसिन या साध्या गोळीच्या वापराविषयीचे १९८६ मध्ये. मधल्या काळात ते पुण्यास एम.डी. करून आले आणि पुन्हा याच भागात परतले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या भगिनींनी त्या रात्री जी लक्षणे ओळखली, ती ओळखण्याची विद्या दहा-बारा कोसांच्या आत जन्मलेली आहे, हे येथील तरुणांना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम सांगितले.

आता अर्जाकडे येतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. कोणताही प्रश्न समोर आला की त्याची नावे-जमा मांडून पाहावयाची, ही आमची सवय. तशीच येथेही मांडली.

प्रथम नियम पाहिले. एम.बी.बी.एस. प्रवेशाला वयाची वरची मर्यादा असावी की नसावी, यावर बरीच वर्षे ओढाताण चालली होती. २०१७ च्या ‘नीट’साठी खुल्या प्रवर्गास २५ व राखीव प्रवर्गास ३० वर्षे अशी मर्यादा घालण्यात आली, ती न्यायालयात गेली, पुन्हा नियमात आली, मग २०१८ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने जास्त वयाच्या उमेदवारांना अंतिम निर्णयाच्या अधीन राहून परीक्षेस बसू दिले. याच काळात ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ६४ व्या वर्षी २०२० ची ‘नीट’ उत्तीर्ण होऊन बुर्ला येथील शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या बैठकीत ही मर्यादाच काढून टाकण्याचे ठरविले आणि मार्च २०२२ मध्ये तसे कळविले. खालची मर्यादा १७ वर्षांची आहे, वरची नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने आणखी एक दार किलकिले केले. बारावीनंतर जीवशास्त्रासारखे आवश्यक विषय मान्यताप्राप्त मंडळातून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही परीक्षेस बसण्याची मुभा दिली. म्हणजे कागदोपत्री पाहता आमच्यासारख्या डेबिट-क्रेडिटवाल्यालाही रस्ता मोकळा आहे! ती सूचना वाचल्यावर एका रात्री आम्ही चिरंजीवांचे रसायनशास्त्राचे जुने पुस्तक काढून बसलो होतो. सेंद्रिय रसायनाच्या दुसऱ्या पानावर ते आदरपूर्वक मिटले.

मग वर्षे मांडली. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष आंतरवासिता. पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळणे कठीण, म्हणून दुसरा धरला. म्हणजे २०२६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी प्रवेश. डॉक्टर होता होता ४३ वे लागणार. शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, म्हणजे ४४. या साडेपाच वर्षांत वेतन बंद. मासिक २२ हजारांच्या हिशेबाने १४ लाख ५२ हजार रुपये केवळ बुडीत, शिक्षणशुल्क आणि वसतिगृह वेगळे. मुलगा त्या काळात सहावीतून अकरावीपर्यंत जाईल. आम्ही ताळेबंदाखाली रेघ ओढली आणि स्वतःवर खूश झालो. उत्तर स्पष्ट होते : परवडणारे नाही.

तो कागद आमच्या मेट्रनबाईंनी पाहिला. त्या फारसे बोलत नाहीत. त्यांनी विचारले, “चव्वेचाळीसपासून साठपर्यंत किती वर्षे होतात?” सोळा. “आपल्याकडे सोळा वर्षे राहिलेला डॉक्टर कोण?”

आम्ही हजेरीपट काढले. येथे आलेल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी दोन वर्षे पूर्ण करणारे बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्यात त्यांचा दोष नाही, हे आवर्जून सांगतो. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीचा मुलगा पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत असणारच. त्याचे आयुष्य पुढे आहे आणि ते कशेडी घाटाच्या पायथ्याशी नाही. परंतु आम्ही वयाच्या नावे जो घसारा लावला होता, तो चुकीच्या मालमत्तेवर लावला होता. आमची खरी तूट डॉक्टरांच्या वयात नव्हती. ती त्यांच्या मुक्कामात होती. जी बाई या घाटाखाली नांदते, जिचे सासर-माहेर दोन्ही पोलादपूर तालुक्यातले आहे, ती शिकून आली तर कोठे जाणार? जाणार नाहीच, अशी हमी कोणी देऊ नये आणि आम्ही तिच्याकडून ती मागितलीही नाही. शिक्षण घेणाऱ्याला दोरीने बांधून ठेवणे आम्हांस मान्य नाही.

उशिरा वैद्यकाकडे वळणे ही आपल्याकडे अगदी नवी गोष्ट नाही. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले, तेव्हा पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. एल्फिन्स्टनमधील शिक्षकाची नोकरी करून मग ते विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. मात्र आम्हांस अधिक जवळची वाटते ती रखमाबाईंची हकीकत. जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झाले. पतीकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला आणि १८८४ मध्ये त्यांच्यावर दावा लागला. १८८५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे त्यांनी सांगितले. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ज्या वयात इतरांचे शिक्षण संपते, ती सारी वर्षे कोर्टकचेरीत गेली. १८८९ मध्ये, पंचविशीला टेकल्यावर, त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांच्यासाठी खटपट केली होती. स्वतः पीचीबाईंनाही एडिंबरोत वैद्यकाच्या वर्गात शिरण्यासाठी झगडावे लागले होते, त्यामुळे दारात अडकलेल्या माणसाची त्यांना पारख असावी. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढील कित्येक दशके सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी काम केले. त्यांची उशिराची पाच वर्षे कोणी हिशेबात धरत नाही. सुरतेच्या बायकांनी तर नक्कीच धरली नसतील.

बाबा आमटे यांचे उदाहरण याहून वेगळे आहे, आणि या विषयात आम्हांस ते सर्वांत उपयोगाचे वाटते. बाबा वकील होते, वरोऱ्यास चांगली वकिली चालत होती. कुष्ठरोग्यांसाठी काम करावयाचे ठरल्यावर, १९४९ च्या सुमारास, पस्तिशीत, ते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम करावयास गेले. ते एम.बी.बी.एस. झाले नाहीत. जे काम हाती घ्यावयाचे होते, त्याला जेवढी विद्या लागत होती तेवढी त्यांनी शिकून घेतली आणि आनंदवन उभे केले.

म्हणून आता कोणी असा विचार घेऊन आला की आम्ही त्याचे वय विचारत नाही. आज जे करता येत नाही असे कोणते काम तुम्हांस करावयाचे आहे, असे विचारतो. या वर्षात असे सहा जण आले. एकाचा अर्ज मान्य होऊ घातला आहे असे कळले की खणातले बाकीचे स्वप्नही बाहेर येते! आमच्या औषध विभागातील एका बंधूंना घरच्यांच्या नजरेत डॉक्टर व्हावयाचे होते. तासभर बोलल्यावर ते स्वतःच हसले. एका तरुण परिचारिकेला गावातल्या उपकेंद्रात स्वतःच्या अधिकाराने काम करावयाचे होते. तिला आम्ही स्पष्ट सांगितले की, त्यासाठी एम.बी.बी.एस. लागत नाही, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करा आणि समुदाय आरोग्य अधिकारी व्हा, ते तीन-चार वर्षांत आपल्या हाती येईल. पलीकडच्या गावचे एक शिक्षक आले होते, कला शाखेचे, वय ४१. त्यांना नियम दाखविले, अतिरिक्त विषयांची वाट दाखविली आणि तीत किती वर्षे जातील तेही लिहून दिले. ते थोडे नाराज होऊन गेले. पण खोटी आशा लावून सभ्यपणे बोळवण करण्यापेक्षा ते बरे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेत आधी पदवी घ्यावी लागते व मगच वैद्यकाला प्रवेश मिळतो, त्यामुळे तेथे तिशीतला विद्यार्थी पाहून कोणी मान वळवीत नाही. आपल्याकडे सारी रचना सतरा वर्षांच्या मुलाला धरून आहे, शिकवणीच्या वेळापत्रकासकट. नियमातून वय काढले म्हणून ही रचना बदललेली नाही.

ते आमच्या भगिनींना रोज जाणवत होते. त्यांनी बारावी विज्ञान शाखेतून केलेली, म्हणून पात्रतेचा प्रश्न नव्हता. मानवी शरीराचा भाग त्यांना सोपा. रोज डोळ्यांसमोर असलेला. वनस्पतिशास्त्र पार विसरलेले. आणि भौतिकशास्त्र! उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याचे गणित त्या रात्रपाळीत सोडवीत बसत. कशेडीच्या उतरणीवर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकची माणसे आम्ही इतकी पाहिली आहेत की, त्या ठोकळ्याला किती त्वरण असते हे आम्हांस वेगळे सांगावयास नको, पण परीक्षेत ते आकड्यांत लिहावे लागते. शिकवणीचे वर्ग लांब, आणि सकाळी सातला, म्हणजे नेमके पाळी बदलण्याच्या वेळी. आम्ही त्यांना सहा महिने दुपारची ठरावीक पाळी दिली. त्यामुळे इतर भगिनींना रात्रीच्या पाळ्या जास्त आल्या, त्यांची कुरकुर झाली, ती रास्त होती. दोघींनी आपण होऊन रात्री घेतल्या, म्हणून निभावले.

परीक्षा ४ मे २०२५ रोजी झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्या वर्षीचा भौतिकशास्त्राचा भाग कठीण गेल्याची देशभर तक्रार होती. जूनमध्ये निकाल लागला आणि त्यांच्या नावापुढे ‘पात्र’ असे आले. विभागात पेढे वाटले गेले. आम्हीही एक खाल्ला. संध्याकाळी आकडे पाहिल्यावर तो घशात अडकला. त्या वर्षी २२ लाखांवर विद्यार्थी परीक्षेस बसले होते, १२ लाखांवर पात्र ठरले होते, आणि सबंध देशात एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. ‘पात्र’ या शब्दाचा अर्थ ‘प्रवेश’ असा नव्हे, हे घरोघरी सांगण्याची गरज आहे. या एका शब्दावर किती कुटुंबे कर्ज काढावयास निघत असतील! अलिबाग, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथे अलीकडच्या वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ही कोकणच्या दृष्टीने मोठीच सोय झाली. परंतु त्यांच्या गुणांना शासकीय जागा मिळण्यासारखी नव्हती, आणि खाजगी महाविद्यालयाचे शुल्क त्यांना परवडणारे नव्हते. एका मध्यस्थाचा फोन त्यांना आला होता. त्याला काय उत्तर दिले, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “रुग्णालयाचा नंबर दिला, म्हटलं आमच्या साहेबांशी बोला.” त्याने अद्याप केलेला नाही.

जुलैपासून त्या पुन्हा पूर्ण पाळीवर आहेत, आणि दुसऱ्या प्रयत्नाची तयारी चालू आहे. मुलगा पाचवीत गेला. पाढे तो आईला म्हणून दाखवितो आणि आई त्याला सूत्रे.

विश्वस्त मंडळाने या निमित्ताने काही गोष्टी ठरविल्या आहेत. सेवकांपैकी कोणाचाही पुढील शिक्षणाचा अर्ज आला तर पंधरा दिवसांत लेखी उत्तर दिले जाईल, होकार असो वा नकार. तो खणात राहणार नाही. परीक्षेपूर्वीचे सहा महिने ठरावीक पाळी मिळेल, मात्र एका वेळी एका विभागातून एकालाच, म्हणजे भार सर्वांवर पडणार नाही. प्रवेश मिळाल्यास बिनपगारी रजा देऊन जागा एक वर्ष राखून ठेवली जाईल, कारण पहिल्या वर्षातच माघारी येण्याची वेळ येऊ शकते आणि तशी आली तर घराचे दार उघडे असावे. आर्थिक साहाय्याचा प्रश्न मंडळापुढे आला होता. रुग्णांसाठी दिलेली देणगी सेवकांच्या शिक्षणाकडे वळवू नये, असे आमचे स्पष्ट मत आम्ही मांडले आणि ते मान्य झाले. ज्या देणगीदारांना या कारणासाठीच वेगळे काही द्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी लेखा विभागात स्वतंत्र खाते उघडले आहे. पावती त्या खात्याच्या नावाने मिळेल.

शेवटी एक विनंती. महाड, पोलादपूर किंवा खेड भागातील भौतिकशास्त्राचे कार्यरत अथवा निवृत्त शिक्षक या सभेत असतील, वा हा अहवाल त्यांच्या हाती जाईल. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी दोन ते चार, परिचारिका वसतिगृहाच्या तळमजल्यावरील खोलीत शिकविण्यास येणे ज्यांना शक्य असेल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. घाटापलीकडून येणाऱ्यांना आता बोगद्यामुळे वेळ कमी लागतो. जाण्यायेण्याचे भाडे रुग्णालय देईल. विद्यार्थिनी सध्या एकच आहे.